शेजारच्या सीटवरची सायकल

“टाकी निघणार नाही.”

“चार बोल्ट आहेत, लिवियो. मी मोजलेत.”

“बोल्ट मोजलेस, आता माझ्या डोक्यावरचे केस मोज. टाकी निघणार नाही म्हणजे नाही.”

“केस मोजायला तसा वेळ लागणार नाही.”

“हस. पोरीसमोर हस मला.”

“चार बोटांनी अडतंय रे! सायकल बेचाळीस, डिकी अडतीस.”

“मग चार बोटांनी लहान सायकल घे.”

“लहान सायकल चिखलात रुतते.”

“मग चिखलात जाऊ नकोस.”

यावर ओंदिनामावशीने हातातली टेप सोडून दिली. ती सर्रकन डबीत शिरली आणि लिवियोकाकांच्या अंगठ्याला चावली. काका ओरडले. मावशीने वळूनही पाहिलं नाही, ती आभाळ बघत होती.

कोपर शहरातल्या एका सायकलीच्या दुकानासमोर, मे महिन्यातल्या भर दुपारी, गाड्या लावायच्या जागेत हे चाललं होतं. आमच्या लाल गाडीची डिकी आ वासून उघडी. डांबरावर तीन इलेक्ट्रिक सायकली, एक दुमडलेली, एक अर्धवट दुमडलेली आणि एक उभी. त्यांच्यामागे दुकानातली उर्श्का नावाची विशीतली मुलगी, हाताची घडी घालून, घरी सांगायला गोष्ट मिळाल्यासारखी. आणि मध्ये मी. भांडताना मावशीला साक्षीदार लागतो आणि काकांना प्रेक्षक, म्हणून ती दोघं कुठेही निघाली की खालच्या मजल्यावर मला हाक येते.

टाकी होती गॅसची. लिवियोकाका चौतीस वर्षं पिरान ते कोपर बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर आपल्या दोन दारांच्या जुन्या गाडीला गॅस बसवला. अर्धी डिकी टाकीने खाल्ली. उरलेल्या अर्ध्या डिकीचा त्यांना अभिमान होता. “बाजाराच्या दोन पिशव्या आणि एक कलिंगड,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

त्या उरलेल्या जागेत मावशीला सायकल बसवायची होती. सायकलीवर तिचे मिठाचे वाफे अवलंबून होते.

मावशी मिठागरात काम करते. तिचा बापही मिठागरातला. पण तरुणपणी तिला तिथे काम मिळालं नाही, मग पोर्तोरोझच्या एका हॉटेलच्या तळघरात तिने एकोणीस वर्षं चादरी धुतल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस हे ती खाली येणाऱ्या टॉवेलांवरून ओळखायची. चाळिशीत मिठागरात माणसं घ्यायला लागले, तेव्हा तिने ओला एप्रन तिथेच मशीनवर टाकला आणि गेली. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

ही बाई खाली बसत नाही. जेवते ती उभ्याने, ताटली ओट्यावर, एक डोळा खिडकीत. कुणाच्या लग्नात गेली तर केक कापायच्या वेळी हमखास बाहेर, वारा कुठला आहे ते बघायला. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत काका कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि मावशी हनुवटी वर करून समुद्रापलीकडच्या सावुद्रियाच्या टोकावरचे ढग बघतेय. काका तो फोटो दाखवताना म्हणतात, “हा मी, आणि ही हवामान खात्याची बाई.”

तिचा दोष नाही. आमच्याकडे मीठ रोज गोळा करतात. सकाळी वाफे बघायचे, दुपारी घरी यायचं, चारला परत जाऊन लाकडी फळीने मीठ ओढायचं. पण समुद्रावरून वादळ आलं तर तास न् तास वाळवलेलं सगळं मीठ दहा मिनिटांत पाणी होतं. म्हणून आभाळ फिरलं की धावायचं. आणि धावायचं तेही जपून, कारण वाफ्याच्या तळाशी पेटोला असते. दुधावरच्या सायीसारखा राखाडी जिवंत थर, त्याच्यामुळे खालचा चिखल मिठात मिसळत नाही. साध्या बुटाने पाय टाकला तर ती साय फाटते आणि पुढची तीन वर्षं मीठ काळपट येतं. त्यावर लाकडी तळव्याच्या चपला घालूनच चालायचं. मावशीच्या आठ वाफ्यांतली साय एकवीस वर्षांत एकदाही फाटलेली नाही. मिठागरात तिचं मीठ लांबून ओळखतात.

गेल्या नोव्हेंबरात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये एगोन घरी आला. एगोन मिठागराचा मुकादम. कॉलेजात असताना उन्हाळी कामाला मावशीच्याच हाताखाली आलेला, त्यामुळे ती त्याला अजून ‘अरे’ म्हणते आणि तो तिला ‘ताई’.

“ओंदिनाताई, फाटकापासून तुमच्या वाफ्यांपर्यंत किती वेळ?”

“अकरा मिनिटं. सायकलने.”

“ते गुडघ्याच्या आधी. आता?”

मावशीने त्याच्यासमोर रानटी शतावरीचं ऑम्लेट आदळलं. “खा.”

“चालत पस्तीस मिनिटं लागतात तुम्हाला. मी काल लांबून बघत होतो.”

“लांबून बघायला बरा वेळ आहे तुझ्याकडे.”

“वादळ पस्तीस मिनिटं थांबत नाही, ताई. हे तुम्हीच मला शिकवलंत.” ऑम्लेट खाल्ल्याशिवाय सुटका नाही हे माहीत असल्यामुळे तो खाता खाता बोलत होता. “तीस जूनपर्यंत बघू. बारा मिनिटांत पोचायला लागलात तर वाफे तुमचेच. नाहीतर क्लेमेनला देतो. त्याचे वाफे तुमच्या शेजारीच आहेत. आणि तुम्ही पॅकिंगच्या खोलीत या. सावली आहे, पंखा आहे, खुर्ची आहे...”

“खुर्ची!” मावशी म्हणाली. एखाद्याने शवपेटीचं माप विचारावं तशी.

काका टेबलाशी बसले होते. ते म्हणाले, “खुर्ची चांगली असते गं. मी चौतीस वर्षं बसलोय.”

त्या दिवसापासून इलेक्ट्रिक सायकलीचा शोध. साधी सायकल गुडघ्याला झेपेना. मिठागरात फाटकाच्या आत खासगी गाडी नेता येत नाही, पक्ष्यांची घरटी असतात. फाटकाशी सायकल ठेवावी तर तिथे चार्जिंग नाही, आणि रात्रभर तिथली खारी हवा लोखंड चघळते. म्हणजे सायकल रोज घरून न्यायची, घरी आणायची. म्हणजे घडीची. म्हणजे डिकीत मावणारी. आणि डिकीत, टाकी.

तर उर्श्का. आम्ही गेल्या गेल्या तिने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, एका चार्जवर किती किलोमीटर, किती वेग, पडदा किती रंगांचा. मावशी ऐकत होती आणि पायाने ताल धरत होती. काकांनी मिळतील तेवढी माहितीपत्रकं गोळा केली. हा माणूस छापलेलं काहीही सोडत नाही. औषधाच्या बाटलीतला कागद असो की मिक्सरची पुस्तिका, पेन्सिल घेऊन वाचतो, रेघ मारतो आणि रेघेशेजारी तारीख घालतो. कशाला, असं विचारलं की म्हणतात, “नंतर कुणी म्हणायला नको, लिवियोला माहीत नव्हतं.”

उर्श्काचं संपल्यावर मावशी गाडीपाशी गेली आणि डिकीतून एक घमेलं काढलं. ओल्या फडक्याने झाकलेलं. फडकं उचललं, आतला काळा चिखल डांबरावर ओतला आणि हाताने सारखा केला.

“काकू, अहो, हे काय आहे?”

“माझा रस्ता.”

“पण इथे...”

“मग तू येतेस बांधावर? नाही ना? म्हणून बांध घेऊन आले. आण ती बारकी.”

बारकी सायकल सुंदर होती. एका हाताने उचलावी एवढी हलकी, डिकीत टाकीशेजारी अलगद बसली. काका टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मग मावशी तिच्यावर बसून चिखलातून गेली. उतरली, वाकली, चाकाच्या चरीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

“ही मला बांधावर उभं करून स्वतः खाली जाईल. पुढची.”

पुढची जाड टायरांची. चिखलावर नुसता ठसा उमटला. पण मावशीने ती उचलायला घेतली आणि गुडघ्यातून जे काही आलं ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. एकोणतीस किलो. “म्हैस आहे,” ती म्हणाली. “बांधाची कड मोडेल. आणि घरी तिला गोठा लागेल.”

तिसरी मधली. टायर ना जाड ना बारीक, वजन एकवीस किलो, चरीत बोटाचं अर्धं पेर.

“हिला साखळी कुठाय?”

“साखळी नाही, काकू, पट्टा आहे. गंजायचा प्रश्नच नाही.”

“मीठ लागलं तरी?”

“मीठ?” उर्श्काला आता कुठे कळलं की ही बाई सहलीला जाणारी नाही. ती जरा नीट उभी राहिली. “पट्ट्याला काही होणार नाही. पाऊसही चालतो. फक्त फवारा मारायचा नाही. बॅटरीच्या खोबणीत पाणी जातं.”

“फवारा कोण मारतंय?” मावशी म्हणाली. आणि अगदी मनापासून म्हणाली.

हीच सायकल चार बोटांनी मोठी होती.

टाकीचं भांडण कोपरहून घरापर्यंत पुरलं. सायकल दुकानाच्या गाडीतून मागाहून आली. रात्रीच्या जेवणापर्यंत काकांच्या आवाजात जिंकल्याचा गोडवा आला होता. “अगं, मी काय मुद्दाम करतोय? टाकी म्हणजे काय ड्रॉवर आहे, ओढली की निघाली? कारखान्याचा शिक्का आहे तिच्यावर. परवानगी लागते. महिने जातात.”  मावशी ओट्याशी उभी राहून पाव चावत राहिली.

सकाळी सहाला मी पावाच्या दुकानातून परत येत होते, तर गाडीचं उजवं दार सताड उघडं आणि आतून मावशीचे पाय बाहेर. हातात पाना.

“मावशी, काय करतेस?”

“बोल्ट मोजतेय.”

टाकीला नव्हे, तिने काकांच्या सीटला हात घातला होता. गाडी मावशीच चालवायची, ही तिच्या शेजारची सीट. चार बोल्ट. तासाभरात सीट अंगणात. सायकल दुमडून त्या जागी सरकवली. उचलायची गरज नाही, दार रुंद, उंबरा बुटका, गुडघा वाकवायला नको. वर पट्टा लावला, सीटचाच. सायकल सरळ समोर बघत बसली, बाजाराला निघालेल्या एखाद्या ताठ बाईसारखी.

काका पायजम्यावर खाली आले. सीटकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं.

“आणि मी?”

“मागे.”

“मागे कुठून शिरू? दोन दारं आहेत!”

“माझ्या बाजूने. सीट पुढे करते मी.”

“म्हणजे ही बाई पुढे, आणि मी सामान.”

“सामान बडबड करत नाही,” मावशी म्हणाली आणि गेली.

काकांनी मग ती सीट वर गच्चीत नेली, द्राक्षाच्या मांडवाखाली ठेवली आणि त्यात बसायला लागले. मागची पाठ जराशी कलती करून. शेजारीपाजारी वर बघून विचारायचे, “लिवियो, आज कुठवर?” काका म्हणायचे, “कोपरला, व्हाया पिरान.” डॉक्टरांकडे जाताना मात्र ते खरोखर मागे बसले, गुडघे हनुवटीला लावून. परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला ते हसण्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

मावशीला तर पंखच फुटले. फाटकाशी दोन खटके, सायकल उघडायची, हँडल वर, आणि ती बांधावरून निघायची. पहिल्या दिवशी तेरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी साडेनऊ, आणि वाटेत तिने एगोनला ओलांडलं. तो आपल्या साध्या सायकलवर घामाघूम.

“ताई, शर्यत नाही ही!”

“तुझ्यासाठी नाही. तू आधीच हरलायस.”

संध्याकाळी घरी आली की ठरलेलं काम. अंगणातला नळ सोडायचा आणि मिठाने माखलेलं सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. लाकडी चपला, फळी, फावडं, बादली, स्वतःचे पाय आणि सायकल. आमच्याकडे हे कुणी ‘धुणं’ म्हणतच नाही. घरात शिरताना चप्पल काढावी तसं ते, हात आपोआप नळाकडे जातो. मिठागरातलं लोखंड असं खळखळून धुतलं नाही तर महिन्यात त्याचा भुगा होतो. सायकलीला ती जास्तच मायेने धुवायची. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून, सांध्यासांध्यात, वरून, खालून, सीटखालून.

नळ सुरू झाला की वर गच्चीत काका वर्तमानपत्र खाली ठेवायचे. मी एकदोनदा पाहिलं. सीटमध्ये पुढे सरकून कठड्यावरून वाकायचे.

“ओंदिना.”

“काय?”

“काही नाही. भाजी गार होतेय.”

“होऊ दे.”

जून असा गेला. मीठ चांगलं होतं, पांढरं, मोठ्या दाण्याचं. बुर्या वाहत होता. डोंगराकडून येणारा हा कोरडा वारा मावशीला माहेरच्या माणसासारखा. पण महिन्याच्या शेवटी वारा पडला आणि दक्षिणेचा युगो आला, चिकट, ओला. मावशी घरात फेऱ्या मारायला लागली. स्वयंपाकघर ते गच्ची, गच्ची ते स्वयंपाकघर. जिन्यावर थांबून मला म्हणाली, “सायकलीचा दिवा काल लुकलुकला.”

“म्हणजे?”

“लागला, विझला, लागला. मग चालली नीट.”

“उर्श्काला विचार ना.”

“तीस तारीख होऊ दे.”

तीस तारखेला दुपारी अडीचला एगोनचा फोन. “ताई, उत्तरेला त्रिएस्तेवर काळं झालंय. तासाभरात इथे.” मावशी तोपर्यंत गाडीत बसलेली होती. तिला फोनची गरज नव्हती. मीही तिच्यामागे शिरले, मीठ ओढायला दोन हात जास्त म्हणून. पुढे सायकल, पट्टा लावून.

फाटकाशी उतरलो. समोर आठशे वाफे एकदम शिशासारखे दिसत होते, वाऱ्याचा श्वास नाही. दोन खटके, सायकल उघडली, हँडल वर, बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. दिवा लुकलुकला आणि गेला. मावशीने बॅटरी खेचून काढली. खोबणीतून पाणी आलं. थेंब नाही, चांगलं चूळभर. आणि त्यात हिरवट गंज. ती त्या पाण्याकडे क्षणभर बघत राहिली. मग बॅटरी माझ्या हातात कोंबली. “हलकी झाली,” म्हणाली आणि सायकलवर बसली.

मी मागून धावत होते म्हणून पाहिलं. ती डाव्या पायाने पायडल मारत होती, उजवा लांब धरून. पन्नास हात जायची, उतरायची, ढकलायची, परत बसायची. निम्म्या वाटेवर पहिला थेंब पडला. तिने डोकं वर केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला आभाळाकडे न बघता पाहिलं.

एकोणतीस मिनिटं.

क्लेमेनने आपले वाफे ओढून मावशीचे तीन ओढले होते. लाकडी चपला घालून, जपून. बिचाऱ्याने चूक काहीच केली नव्हती. उरलेले पाच वाफे आमच्या डोळ्यांदेखत गेले. गारा होत्या आधी, मग पाऊस. मीठ आधी राखाडी दिसायला लागलं, मग दिसेनासं झालं. मावशी फळी हातात धरून वाफ्याच्या काठावर उभी होती. एगोन छत्री घेऊन आला आणि ती तिच्या डोक्यावर धरली. तिने छत्रीबाहेर एक पाऊल टाकलं.

“ताई, तुम्ही घरी जा आता. वरचं गोडं पाणी क्लेमेन सोडून देईल.”

तिने फळीवरचं पाणी हाताने निपटलं.

“सोमवारी पॅकिंगला या. मलाही हे बोलायला आवडत नाही.”

“मग बोलू नकोस.”

“बोललो, ताई.”

क्लेमेनने आम्हाला मिठाच्या गाडीतून फाटकापर्यंत सोडलं. मागे सायकल आडवी. उतरताना त्याने हळूच विचारलं, “ताई, पाणी कुठल्या कोपऱ्यातून सोडू? तुमच्या वाफ्यांचा उतार मला कळत नाही.”

पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वारा सुटून ते मिसळायच्या आत वरच्या वर सोडलं तर खालचं वाचतं, आणि सायही वाचते. मावशीने तोंड उघडलं, हवेत बोटाने काहीतरी काढलं आणि हात खाली टाकला. “सांगून कळायचं नाही ते.”

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. पाऊस थांबलेला, पश्चिमेला लख्ख उजेड. मावशी अंगणात थांबली. हात सवयीने नळाकडे गेला आणि तसाच राहिला. मग ती ओल्या कपड्यांनी वर आली आणि खण उपसायला लागली.

“पुस्तिका कुठाय त्या सायकलीची? पाणी गेल्यावर काय करायचं ते असेल त्यात.”

“ओंदिना, आधी कपडे बदल,” काका गच्चीतून म्हणाले.

पुस्तिका गच्चीतच सापडली, काकांच्या सीटशेजारी, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली. मावशीने पानं उलटली आणि माझ्यासमोर धरली. “वाच. माझा चष्मा ओला आहे.”

मी वाचलं. “सायकल पाण्याच्या नळीने धुऊ नये. खोबणीत पाणी गेल्यास बॅटरी व जोडणी निकामी होते.”

“पुढे?”

पुढे काही नव्हतं. खाली पेन्सिलीची रेघ होती. एक नाही, दोन. आणि शेजारी काकांच्या नीटनेटक्या अक्षरात तारीख, सायकल घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी ती मोठ्याने वाचली नाही. मावशीने चष्मा ओल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि स्वतःच वाचली.

“दुसऱ्याच दिवशी,” ती म्हणाली.

काका सीटमध्येच होते. एरवी पाठ टेकून बसणारा माणूस कडेवर बसला होता.

“सहा आठवडे, लिवियो. मी खाली नळी धरायची आणि तू वरून बघायचास.”

“सांगणार होतो.”

“कधी?”

“रोज.”

“भाजी गार होतेय म्हणून सांगितलंस. ते बरं आठवलं!”

“भाजी खरंच गार व्हायची!” काकांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “रोज गार व्हायची. मी दोन ताटं वाढायचो. तू वर यायचीस, उभ्याने चार घास खायचीस आणि कठड्याशी जाऊन वारा बघायचीस. चौतीस वर्षं मी बस चालवली. वाटायचं, निवृत्त झालो की संध्याकाळी दोघं बसू. मी बसलो. तू कुठायस?”

“माझे पाच वाफे गेले आज.”

“माझी सीट गेली, तेव्हा मी काही बोललो?”

“सीट!”

“तुझ्या शेजारची जागा होती ती. मी विनोद केले, तुम्ही सगळे हसलात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तरी मी खाली बघितलं. “मी वाईट वागलो. मान्य आहे. दोन रेघा मारून गप्प बसलो, मान्य. वाटलं, सायकल बंद पडली तर तू घरी राहशील. वादळाच्या दिवशीच बंद पडेल हे काही मी ठरवलं नव्हतं.”

 मांडवाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. मग ती पानं हलली, एकदाच, आणि दुसऱ्या बाजूला कलली. डोंगराकडून गार झुळूक आली, बुर्याची. मावशीची मान वळली. काकांनीही ते पाहिलं. त्यांना वाऱ्यातलं काही कळत नाही, पण तिची मान त्यांना पाठ आहे.

“ओंदिना, आता तिथे तुझं काही नाही. एगोनने सांगितलंय. क्लेमेन आहे.”

तिने आत जाऊन कोरडा शर्ट चढवला. ओट्यावरचा पावाचा तुकडा खिशात घातला.

“एक उन्हाळा,” काका म्हणाले. ते आता उठून दारात आले होते. “सप्टेंबरपर्यंत. या टेबलाशी, खाली बसून, ताट पुढ्यात घेऊन. मी दुसरं काही मागत नाही. बसशील?”

मावशीने दारामागची फळी घेतली, लाकडी चपला काखेत मारल्या, खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. काकांच्या बाजूने जाताना तिचा ओला हात त्यांच्या हाताला लागला. मग ती जिना उतरायला लागली, एकेक पायरी, दुखरा पाय आधी.